महासाथ, एकटेपण आणि उघड्यावरची कला: माणसांना खरोखर कशाने जोडले?

गवाक्ष

मार्च २०२० मध्ये जगभरातली संग्रहालये, नाट्यगृहे आणि कलादालने एकामागून एक बंद होत गेली आणि कलेच्या वाट्याला उरली ती उघडी जागा: रस्ता, भिंत, डोंगरउतार, घराची खिडकी. पुढच्या दोन वर्षांत या जागांवर जे काही घडले त्यातले बरेचसे आता विस्मरणात चालले आहे, म्हणून हा धागा काढत आहे. माझा मुद्दा सुरुवातीलाच मांडतो. एकटेपणाचे चित्र काढणे ही एक गोष्ट झाली आणि एकट्या पडलेल्या माणसाचे एकटेपण थोडे तरी हलके करणे ही दुसरी. पहिली गोष्ट अनेकांनी उत्तम केली. दुसरी थोड्यांनाच साधली, आणि ज्यांना साधली त्यांनी पाहणाऱ्याच्या हाताला काहीतरी करायला दिले, असे मला दिसते.

पहिल्या प्रकारातले एक अतिशय सुंदर काम म्हणजे सेप या चित्रकाराने एप्रिल २०२० मध्ये स्वित्झर्लंडमधील लेझां येथे डोंगरउतारावरच्या गवतावर रंगवलेले चित्र. सुमारे ३००० चौरस मीटरच्या या चित्रात एक लहान मुलगी बसलेली आहे, आणि तिने आपल्याभोवती हातात हात घालून उभ्या असलेल्या माणसांचे रिंगण रेखाटले आहे. रंग खडू आणि कोळशापासून बनवलेला, त्यामुळे गवत वाढले की चित्र आपोआप पुसले जाणार. एकटी मुलगी स्वतःच्या सोबतीसाठी माणसे काढते, ही कल्पनाच मन हेलावून टाकणारी आहे. परंतु हे चित्र पूर्ण दिसते ते आकाशातून घेतलेल्या छायाचित्रात. आपण ते पडद्यावर पाहिले, मनापासून दाद दिली आणि पुन्हा आपापल्या खोलीत एकटेच राहिलो.

याउलट लंडनची भिंत पाहा. थेम्स नदीच्या काठी, ब्रिटिश संसदेच्या अगदी समोर, सेंट थॉमस रुग्णालयाला लागून जी लांबलचक भिंत आहे, तिच्यावर २९ मार्च २०२१ पासून कोविडने मृत्यू पावलेल्यांच्या नातेवाइकांनी आणि स्वयंसेवकांनी लाल बदाम, म्हणजे हृदयाचे आकार, रंगवायला सुरुवात केली. एका मृत व्यक्तीमागे एक बदाम, असे सुरुवातीलाच सुमारे दीड लाख बदाम झाले आणि भिंतीचा जवळपास अर्धा किलोमीटर भरून गेला. नंतर मृतांची संख्या वाढत गेली तसे बदामही वाढले. यात साचा किंवा छाप वापरलेला नाही. प्रत्येक बदाम हाताने काढलेला असल्यामुळे कुठला बसका, कुठला एका बाजूला कललेला, कुठल्याची रेघ टोकाशी जुळलेलीच नाही, आणि त्यांच्या आत नातेवाइकांनी नंतर येऊन बारीक अक्षरांत नाव, तारीख, एखादी ओळ लिहिलेली. दुरून पाहिले तर ती गुलाबी-लाल धूसर पट्टी वाटते आणि जवळ गेल्यावर तिची माणसे होतात. हे काम करणाऱ्या अनेकांना आपल्या माणसाच्या शेवटच्या क्षणी जवळ थांबता आले नव्हते आणि अंत्यविधीलाही मोजक्याच लोकांना परवानगी होती. तिथे जे करायचे राहून गेले, ते करायला या भिंतीने एक जागा दिली.

वॉशिंग्टनमध्ये सुझॅन ब्रेनन फर्स्टनबर्ग यांनी केलेले काम याच जातीचे आहे. २०२० च्या शरद ऋतूत त्यांनी अमेरिकेतील प्रत्येक कोविड मृत्यूसाठी एक छोटा पांढरा झेंडा मोकळ्या मैदानात रोवायला सुरुवात केली आणि काम संपताना तिथे २,६७,००० हून अधिक झेंडे होते. पुढच्या वर्षी, १७ सप्टेंबर ते ३ ऑक्टोबर २०२१ या काळात, त्यांनी हेच काम शहराच्या मध्यावरच्या नॅशनल मॉल या मोकळ्या मैदानाच्या हिरवळीवर केले, तेव्हा झेंड्यांची संख्या ७ लाखांच्या पुढे गेली. प्रदर्शन चालू असतानाही मृत्यू होत होते आणि त्यांचे झेंडे नव्याने रोवले जात होते. येणारा माणूस झेंड्यावर नाव लिहू शकत होता, आणि ज्यांना प्रवास शक्य नव्हता त्यांचा मजकूर स्वयंसेवक झेंड्यावर उतरवून देत होते. एका अनोळखी माणसाने आपल्या वडिलांचे नाव आपल्यासाठी हाताने लिहावे, याहून थेट जोडणे मला सुचत नाही.

आपणा सर्वांचे मत, विशेषतः विरोधी मत, वाचायला आवडेल.

रेघोटी

लेख आवडला, पण मुख्य मुद्द्याशी मी सहमत नाही. हाताला काम देणे हीच कसोटी धरली, तर ज्यांच्या हातून त्या काळात काहीच होण्यासारखे नव्हते अशा सगळ्यांना आपण बाहेर ठेवतो. विलगीकरणात पडलेला रुग्ण, वृद्धाश्रमातली आजी, ताप चढलेला माणूस: यांच्यासाठी खिडकीतून दिसणारे चित्र हीच सोबत होती. इटलीत मार्च २०२० मध्ये मुलांनी इंद्रधनुष्ये रंगवून त्याखाली ‘सगळे ठीक होईल’ असे लिहिले आणि ती बाल्कन्यांना, खिडक्यांना लावली. ती लाट पाहता पाहता इतर देशांत पसरली. त्या चित्रांची कलात्मक गुणवत्ता काढत बसण्यात अर्थ नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याला एवढे कळत होते की या बंद दारामागे कोणीतरी आहे आणि त्याला माझ्याशी बोलायचे आहे. पाहणाऱ्याने फक्त मान वर करायची होती.

बँक्सी या ओळख लपवून भिंतींवर चित्रे काढणाऱ्या ब्रिटिश चित्रकाराच्या ‘गेम चेंजर’ या चित्राचेही तसेच. मे २०२० मध्ये ते साउथॅम्प्टनच्या रुग्णालयात लावले गेले. एक मुलगा बॅटमॅन आणि स्पायडरमॅनच्या बाहुल्या टोपलीत टाकून देतो आणि परिचारिकेची बाहुली हवेत उडवत खेळतो. संपूर्ण चित्र काळे-पांढरे, रंग फक्त परिचारिकेच्या गणवेशावरच्या लाल क्रॉसला. हे चित्र चौकात लावण्याऐवजी ज्यांच्याबद्दल होते त्यांच्या कामाच्या ठिकाणी, त्यांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर लावले, ही निवड मला फार महत्त्वाची वाटते. नंतर मार्च २०२१ मध्ये लिलावात त्याला शुल्कासह सुमारे १ कोटी ६८ लाख पौंड मिळाले आणि त्यातून आरोग्यसेवेशी संबंधित संस्थांना मदत झाली. कोणी हात लावला नाही म्हणून हे चित्र जोडणारे नव्हते, असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

सांजवारा

मी त्या काळात कोविड कक्षात परिचारिका म्हणून काम केले आहे, म्हणून रेघोटी यांच्या दुसऱ्या परिच्छेदावर थोडे सविस्तर लिहिते.

बँक्सीचे चित्र मला आवडते, आणि त्या रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांना आनंद झाला असेल याबद्दल शंका नाही. परंतु त्या वर्षी भिंतीभिंतींवर पाठीमागे सुपरहिरोसारखा झगा फडफडणाऱ्या, मूठ वर केलेल्या परिचारिका आणि डॉक्टर रंगवले गेले, आणि ते पाहून माझ्यासोबत काम करणाऱ्या अनेकींना जवळचे असे काही वाटले नाही. योद्धा म्हटले की त्याने थकू नये, घाबरू नये आणि पगार किंवा सुट्टी मागू नये, असे आपोआप गृहीत धरले जाते. कौतुकाच्या चित्राने आमच्यात आणि बाकीच्यांत अंतरच वाढवले. लोक आम्हाला वंदन करत होते आणि त्याच वेळी आम्ही राहत असलेल्या इमारतीच्या जिन्यातून जायला कचरत होते.

याच्या तुलनेत मला एका कलाकार बाईंचे काम फार मोठे वाटते आणि त्याचा उल्लेख या धाग्यावर अजून झाला नाही याचे नवल वाटत नाही, कारण ते भिंतीवर नव्हतेच. मेरी बेथ हेफरनन या अमेरिकन कलाकार. पश्चिम आफ्रिकेतल्या इबोलाच्या साथीची छायाचित्रे पाहताना त्यांना जाणवले की रुग्णाला आपल्यावर उपचार करणाऱ्या एकाही माणसाचा चेहरा दिसत नाही. डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली, डोळ्यांवर चष्मा चढवलेली आकृती येते, सुई टोचते आणि जाते. त्यांनी २०१५ मध्ये लायबेरियात जाऊन तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांची हसऱ्या चेहऱ्याची छायाचित्रे काढली आणि ती चिकटपट्टीच्या कागदावर छापून संरक्षक पोशाखावर, छातीवर लावायला दिली. २०२० मध्ये कोविड आला तेव्हा स्टॅनफर्डसह अमेरिकेतल्या काही रुग्णालयांनी हीच पद्धत उचलली.

आमच्याकडे असे छापील काही आले नव्हते. आम्ही पाठीवर आणि छातीवर जाड पेनाने नाव लिहून घेत असू, मुख्यतः एकमेकींना ओळखता यावे म्हणून. पण नाव वाचल्यावर रुग्णाच्या बोलण्यात लगेच फरक पडतो हे मी रोज पाहिले आहे. ‘सिस्टर’ म्हणून हाक मारणारे आजोबा नावाने हाक मारू लागत, मग घरचे विचारत, मग स्वतःच्या मुलीबद्दल सांगत. चेहरा दिसला असता तर किती फरक पडला असता, याची त्यावरून कल्पना करता येते. ऑक्सिजनच्या नळ्या लावलेल्या माणसाला आपण फक्त शरीर म्हणून हाताळले जात नाही हे कळणे किती आवश्यक असते, ते त्या खाटेजवळ उभे राहिल्याशिवाय समजत नाही. म्हणून माझी कसोटी वेगळी आहे: कलाकृती त्या माणसाच्या किती जवळ जाऊ शकली?

मोठ्या आकाराच्या कामांपैकी एक मात्र मला पटते. मे २०२० मध्ये होर्हे रोद्रीगेस-हेरादा यांनी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या संग्रहालयाच्या वाहनतळावर सुमारे २०,००० चौरस फुटांचे एक व्यक्तिचित्र रंगवले. ते कोविडने मृत्यू पावलेल्या, डोमिनिकन वंशाच्या एका डॉक्टरांचे होते. त्यांच्या पाठीवर तसा झगा नव्हता. मास्क लावलेला एक खरा माणूस होता, आणि ज्या स्थलांतरितांच्या वस्तीला साथीचा सर्वांत मोठा तडाखा बसला होता तिथेच तो रंगवला होता.

पाऊलखुणा

सांजवारा, तुमच्या प्रतिसादाने चर्चेला वेगळेच वळण दिले. मला थोडा मागचा इतिहास जोडायचा आहे, कारण २०२१ मधल्या भिंती आणि झेंडे अचानक उगवलेले नाहीत.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाने जगभरात सुमारे ५ कोटी माणसे गेली असे मानले जाते. भारतात एक कोटीहून अधिक. त्याच वर्षी संपलेल्या महायुद्धाची स्मारके युरोपातल्या जवळजवळ प्रत्येक गावात उभी राहिली, पण इन्फ्लुएन्झाची सार्वजनिक स्मारके हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. युद्धातला मृत्यू राष्ट्रासाठी आला असे सांगता येत होते. तापाने घरातल्या खाटेवर आलेल्या मृत्यूची अशी कथा कोणाला रचता आली नाही, म्हणून तो ज्याच्या त्याच्या घरात राहिला. त्याआधीच्या काळात निदान देवाचे आभार मानायची सोय होती. व्हिएन्नात १६७९ च्या प्लेगनंतरचा स्तंभ आहे, व्हेनिसमध्ये १६३०-३१ च्या प्लेगच्या वेळी बोललेल्या नवसाचे भव्य चर्च आहे. ही सगळी वाचलेल्यांची कृतज्ञता झाली. गेलेल्यांची नावे तिथे शोधूनही सापडत नाहीत.

नावे आली ती एड्सच्या साथीत. सॅन फ्रान्सिस्कोतून क्लीव्ह जोन्स यांनी सुरू केलेली स्मृतिगोधडी ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर प्रथम अंथरली गेली तेव्हा तिचे १९२० तुकडे होते. प्रत्येक तुकडा ३ फूट बाय ६ फूट, म्हणजे साधारण एका कबरीएवढा, आणि हे माप जाणूनबुजून घेतलेले होते, कारण त्या काळी एड्सने गेलेल्यांचे अंत्यसंस्कार करायला कितीतरी ठिकाणी नकार मिळत असे आणि काहींचे कुटुंबीय पुढेही येत नसत. मित्रांनी, जोडीदारांनी, आयांनी बसून ते तुकडे शिवले. त्यांत जुने शर्ट, जीन्स, खेळण्यातले अस्वल, काहीही टाचलेले असे. फर्स्टनबर्ग यांचे झेंडे ३४ वर्षांनी त्याच हिरवळीवर उभे राहिले, हे लक्षात घेतले की ‘हाताला काम’ या मुद्द्याला बळकटी येते.

तरीही त्याच साथीतले एक काम गवाक्ष यांच्या सिद्धान्तात बसत नाही. फेलिक्स गोन्झालेस-टोरेस या कलाकारांचा जोडीदार १९९१ मध्ये एड्सने गेला. पुढच्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्क शहरात २४ जाहिरात फलकांवर एकच कृष्णधवल छायाचित्र लावले. त्यात एक दुहेरी पलंग आहे, चादर चुरगळलेली आहे आणि शेजारी शेजारी असलेल्या दोन उशांवर डोकी टेकल्याचे खळगे आहेत. मजकूर नाही, नाव नाही, साथीचा उल्लेख नाही. खाली वाहने जात होती, लोक कामावर जात होते. पाहणाऱ्याला त्यात करण्यासारखे काहीही नव्हते, आणि तरी ज्याच्या घरातली एक उशी रिकामी झाली असेल त्याला ते चित्र आपलेच वाटणार होते. मला विचाराल तर एकटेपणाबद्दल सार्वजनिक जागेत यापेक्षा खरे काही बोलले गेलेले नाही. २०२० च्या उन्हाळ्यात त्यांचेच एक जुने काम, कोपऱ्यात रचलेला, आत चिठ्ठी असलेल्या बिस्किटांचा ढीग, जगभरातल्या सुमारे हजार निमंत्रितांनी आपापल्या ठिकाणी एकाच वेळी मांडले. ज्याला हवे त्याने एक उचलावे, ढीग कमी व्हावा आणि मग पुन्हा भरावा, अशी त्याची रचना आहे. संसर्गाच्या भीतीने कोणी कोणाच्या वस्तूला हात लावत नव्हते त्या महिन्यांत ‘उचला’ असे म्हणणे किती धाडसाचे होते!

शिंपला

एक छोटी भर. अंतर राखण्यासाठी जमिनीवर काढलेल्या खुणांचाही विचार व्हायला हवा. इटलीत टस्कनीमधल्या विक्यो गावाच्या चौकात एका वास्तुरचना गटाने पांढऱ्या चौकोनांची जाळी रंगवली, चौकोन १.८ मीटर अंतरावर. ब्रुकलिनच्या डॉमिनो पार्कमध्ये मे २०२० मध्ये हिरवळीवर पांढरी वर्तुळे आखली गेली आणि लोक त्यांत चटया टाकून बसू लागले. पोलिसांनी आखलेल्या रेषेला मनुष्य जेमतेम मानतो. इथे मात्र लोक घरातून बाहेर पडून एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात बसले होते, आणि कित्येक आठवड्यांनंतर ते शक्य झाले होते. याला कला म्हणावे का, यावर वाद होऊ शकेल. माझ्या मते एकत्र बसण्याची परवानगी देणारी रेघ ही त्या काळातल्या उत्तम सार्वजनिक रेखाटनांपैकी एक होती.

गवाक्ष

सर्वांचे आभार. एकेका मुद्द्यावर लिहितो.

रेघोटी, खिडकीचा तुमचा मुद्दा मला पटतो, पण तो माझ्या बाजूनेही वाचता येतो. इंद्रधनुष्य रंगवणारे मूल हेच तिथे कलाकार होते, आणि समोरच्या घरातल्या मुलाने ते पाहून आपलेही लावले. पाहणारा आणि करणारा यांतली भिंतच त्या चित्रांनी काढून टाकली होती. आजारी माणसाच्या बाबतीत मात्र तुमचे म्हणणे मान्य आहे. त्याच्याकडून काही करण्याची अपेक्षा ठेवणे बरोबर नाही. तिथे सांजवारा यांची ‘जवळ जाण्याची’ कसोटी अधिक उपयोगाची आहे. हेफरनन यांच्या कामात चेहरा रुग्णापर्यंत चालत जातो. सार्वजनिक कला म्हणजे मोठी, उंच, शंभर फुटांवरून दिसणारी, ही आपली सवय त्या छातीवरच्या कागदाने मोडली. रुग्णालयाचा कक्ष हीदेखील सार्वजनिक जागाच आहे आणि त्या दोन वर्षांत ती जगातली सर्वांत गर्दीची आणि सर्वांत एकाकी जागा होती.

पाऊलखुणा, दोन उशांच्या चित्राला माझ्याजवळ उत्तर नाही, आणि ते असावे असेही वाटत नाही. त्या तोडीचे काम या महासाथीत शोधताना मला एकच आठवते, तेही पूर्णपणे नाही. राफाएल लोसानो-हेमर यांनी मेक्सिको सिटीतील विद्यापीठाच्या समकालीन कला संग्रहालयासाठी २०२० मध्ये सुरू केलेले काम असे आहे: कुटुंबीयांनी गेलेल्या माणसाचे छायाचित्र आणि चार ओळी पाठवायच्या, मग एक यंत्र काळ्या पृष्ठभागावर वाळूघड्याळातली वाळू कणाकणाने सोडत तो चेहरा काढते. चेहरा पूर्ण झाला की पृष्ठभाग तिरपा होतो, वाळू घसरून जाते आणि तीच वाळू पुढच्या माणसाच्या चेहऱ्यासाठी वापरली जाते. कुटुंबीय हे सगळे आपापल्या घरातून थेट प्रक्षेपणात पाहत. ज्यांना अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर थांबवले गेले होते, त्यांना इथे एका चेहऱ्यासमोर शेवटपर्यंत बसून राहता आले. एकाची वाळू दुसऱ्याच्या कामी येते, हे तर कोणत्याही भाषणाशिवाय कळते.

रेघोटी

वाळूच्या उदाहरणावरून एक प्रश्न पडतो. यातली बहुतेक कामे टिकण्यासाठी केलेलीच नाहीत. सेपचे चित्र गवताने पुसले, झेंडे उचलले गेले. इंग्लंडमधल्या बेडवर्थ येथे डेव्हिड बेस्ट यांनी २०२२ मध्ये ६५ फूट उंचीचे लाकडी मंदिरवजा स्मारक बांधले, लोकांनी आत येऊन चिठ्ठ्या, फोटो, आठवणी ठेवल्या आणि २८ मे रोजी सगळ्यांच्या देखत ते जाळण्यात आले. लंडनच्या भिंतीवरचे बदाम मात्र टिकवायचे प्रयत्न चालू आहेत. मग नेमके योग्य काय? निरोप द्यायचा की जपायचे?

गवाक्ष

दोन्हींची कारणे वेगळी आहेत, असे मला वाटते. बेडवर्थचे स्मारक शोक मोकळा करण्यासाठी होते. लंडनची भिंत शोकाबरोबर जाबही विचारते. ती संसदेकडे तोंड करून आहे आणि पहिले बदाम कोणाच्या औपचारिक परवानगीची वाट न पाहता रंगवले गेले. जाब विचारणारी गोष्ट पुसट होऊन चालत नाही. पहिले बदाम साध्या रंगीत पेनांनी काढल्यामुळे उन्हापावसात फिके पडू लागले आणि आतली नावे वाचेनाशी झाली. तेव्हापासून स्वयंसेवक आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, जमतात आणि टिकाऊ रंगाने बदाम पुन्हा भरून त्यांत नावे नव्याने लिहितात. त्यांपैकी अनेकांचे स्वतःचे माणूस त्या भिंतीवर आहे.

सांजवारा

या शेवटच्या गोष्टीबद्दल माझ्या मनात एक टोचणी आहे. दर आठवड्याला एकत्र येणे त्या लोकांना आधार देत असेल हे मला समजते. एकाच प्रकारचे दुःख असलेली माणसे शेजारी शेजारी उभी राहून काम करतात, तेव्हा बोलण्याची सक्ती नसते. परंतु ज्यांचे माणूस गेले त्यांनीच स्मारकाची देखभालही वर्षानुवर्षे स्वतःच्या अंगावर घ्यावी, हे मला न्याय्य वाटत नाही. त्यांतले कित्येक वयस्क आहेत, आणि दहा वर्षांनी ब्रश कोण धरणार हा प्रश्न आजच विचारायला हवा. रंग, भिंतीची डागडुजी, कायदेशीर संरक्षण आणि खर्च ही शासनाची जबाबदारी असावी. बदाम कोणत्या दिवशी आणि कोणाच्या हातून रंगवायचे, हे मात्र कुटुंबीयांनीच ठरवावे. एकदा का कंत्राटदाराने साचा लावून सगळे बदाम सारखे करून टाकले, की ती भिंत इतर कोणत्याही सरकारी स्मारकासारखी होईल आणि शुक्रवारी तिथे कोणी येणार नाही.